ऐनवेळचे विषय

बैठक अकराची. कोरम साडेबाराला भरतो.
तोवर मी रजिस्टरवर तारीख घालून बसतो.
पुणतांबेकर हे नाव गौतमपुऱ्याच्या तोंडात मावलं नाही,
म्हणून एकतीस वर्षं मी तांबेबाबू.
इतिवृत्त हिंदीत लिहितो, बेरीज मराठीत करतो,
शिवी आलीच तर माळवीत येते.

विषय एक, मागील बैठकीची पुष्टी.
विषय दोन, हिंगोट मैदानाला बल्ल्या, जाळी, एक अँब्युलन्स.
दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा नि कलगी
एकमेकांवर पेटती हिंगोटं फेकणार
आणि जाळीचं कोटेशन त्याच दुकानातून येणार.
वॉर्ड चार रुणजीचा जावई.
म्हणतो, सासरच्या बाजूला जाळी तोकडी पडते.
हशा.
हशा इतिवृत्तात येत नाही.

विषय तीन, भाजीबाजारातले सांड.
दोन पकडून गोशाळेत पाठवले, असं कागद म्हणतो.
त्यातला एक आत्ता खिडकीखाली उभा राहून
घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी चघळतोय.

चौथ्याला लाइट गेली. पाचव्याला इनायत कचोऱ्या घेऊन आला.
सहाव्या विषयावर चिंचेच्या चटणीचा डाग आहे,
नेमका तिथे आकडा होता.
सगळ्यांपुढे मी एकच शब्द लिहितो, सर्वसंमतीने.
मोठा दयाळू शब्द. झोपलेल्यांनाही कुशीत घेतो.

मग अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले, और कुछ?
हा प्रश्न नसतो. खुर्च्या सरकवायची खूण असते.

वॉर्ड नऊ उभा राहिला.
म्हणजे धापूबाई.
आजवर वॉर्ड नऊ म्हणजे भेरूलाल, तिचा नवरा,
माठाशेजारच्या स्टुलावरून तिच्या वाटचं बोलणारा,
रजिस्टर घरी नेऊन तिची सही आणून देणारा.
परवा हिंगोटात दारू ठासताना त्याचा पंजा भाजला.
उजवा.
म्हणून आज ती, नायलॉनची पिशवी घेऊन,
पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावतेय.

म्हणाली, "म्हारा वार्ड में खंबो हे. लट्टू नी हे.
तीन बरस वई ग्या."
आणि बसली.

विरोध कशाला करायचा हेच कुणाला कळेना.
सीएमओ साहेबांनी फाईल मागवली.
फाईलमध्ये लट्टू होता.
एकदा लावलेला, दोनदा बदललेला, तिन्ही बिलं चुकती.
काम झाल्याचा दाखला कुणाचा?
वॉर्ड नऊचा.
साहेबांनी फाईल मिटली, वर पेपरवेट ठेवला.
"लिहा तांबेबाबू, प्रकाशव्यवस्थेबाबत सविस्तर चर्चा झाली."

एकतीस वर्षं लोकांच्या बोलण्याला इस्त्री करत आलो.
पेन टेकवलं, आणि काय झालं कोण जाणे,
जशी आली तशी माळवीच उतरली,
लट्टू, नी, वई ग्या.
खोडायचं तर समासात कारण द्यावं लागतं, खाली आद्याक्षरी.
शौर्य वगैरे नव्हे,
आळस कामी आला.

मग सह्या.
रजिस्टर फिरत फिरत तिच्यापाशी पोचलं.
तिनं पेन सुईसारखं धरलं.
धा काढला. पू काढला. दम घेतला.
बाईतली ई चौकटीबाहेर, थेट वॉर्ड दहाच्या हद्दीत.
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.

सगळे गेल्यावर मी मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं.
छत्तीस बैठका, छत्तीस सह्या,
वळणदार, भरभर, शेपटी काढलेल्या.
एकीचीही हिच्याशी ओळख नाही.

मार्चमध्ये तपासनीस येईल, चष्मा पुसेल,
आजच्या सहीवर बोट ठेवेल,
बाबूजी, ही एकच का जुळत नाही?

तेव्हाचं तेव्हा बघू.
आत्ता धापूबाई पायरीवर थांबलीय,
खाली सांड वाट अडवून उभा,
आणि अंधार पडायच्या आत
तिला घर गाठायचंय.